नुसतं उभं राहणं

"तू बाई वाटत नाहीस," कारखानीस बाई म्हणाल्या.

मी एकवीस वर्षांची होते. अंगावर नऊवारी होती, नाकात नथ होती, खोटा अंबाडा होता आणि त्यावर खरा गजरा. मिरजेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी घामाघूम होऊन उभी होते, आणि टेबलामागून ही परीक्षक मला सांगत होती की मी बाई वाटत नाही. हसावं की रडावं, कळेना.

"गळा चांगला आहे," त्या पुढे म्हणाल्या. "पदं छान म्हटलीस. पण बोलायला लागलीस, चालायला लागलीस की काहीतरी बिनसतं. सारखा आपला पदर गळ्याशी. सारखी तिरकी. मुली, तुला झाकायचंय तरी काय?"

मी चटकन निऱ्यांकडे बघितलं. काही सुटलेलं नव्हतं.

"काही नाही, बाई."

"मग झाकू नकोस," असं म्हणून त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

ही संगीत नाटकाची पाचवी परीक्षा. पहिल्या चार परीक्षांत नुसतं बसून गायचं असतं, त्या मी हसतखेळत पार केल्या होत्या. पाचवीला मात्र वेश करून एक अख्खा प्रवेश करून दाखवायचा. दोन पदं, मधले संवाद आणि शेवटी स्वगत. गाण्यात कितीही मार्क पडू देत, अभिनयात गेलात की गेलात. मी गेले.

नुसती परीक्षा गेली असती तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण इचलकरंजीच्या मुलींच्या शाळेत मी गाणं शिकवत होते, तेही तात्पुरती. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पाचवीचं प्रमाणपत्र आणलंस तर जूनपासून कायम, नाहीतर आम्हाला दुसरी कुणी बघावी लागेल. दिवाळीनंतरची परीक्षा अशी हातची गेली होती. आता एप्रिलची तेवढी उरली. मला ती नोकरी हवी होती. पेटी उघडली की समोरच्या पोरी गप्प व्हायच्या आणि सगळ्या मिळून 'सा' लावायच्या. घरीदारी कुठेच कुणी माझं एवढं ऐकत नव्हतं.

कुरुंदवाडला परत आले ती थेट मास्तरांकडे गेले.

मास्तर म्हणजे विष्णुपंत हेरवाडकर. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा क्लास होता. बाहेरच्या खोलीत पायपेटी, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची. तरुणपणी ते नाटक कंपनीत स्त्रीपार्टी होते. बायकांची कामं पुरुषांनी करायची, त्या काळातले अगदी शेवटचे. पासष्टी ओलांडली तरी भुवया कोरलेल्या असायच्या आणि तपकीर ओढताना करंगळी वर जायची. गुडघा सुजल्यामुळे त्यांना मिरजेला येता आलं नव्हतं. पेटीला तिथलेच एक गृहस्थ बसले होते.

"अभिनयात गेले, मास्तर."

"परीक्षक कोण?"

"कारखानीस बाई."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बाई वाटत नाहीस."

मास्तर इतके हसले की तपकिरीची डबी मांडीवर सांडली. मग एकदम गंभीर झाले. "अगं, मी बाई वाटायचो! मी! माझ्यासाठी सोलापूरच्या एका सावकाराचं स्थळ आलं होतं, खोटं वाटेल तुला. मी रंगमंचावर आलो की पुढच्या रांगेतल्या बायका आपापले पदर सावरून बसायच्या. आणि मी तयार केलेली पोर बाई वाटत नाही?"

मास्तरांनी मांडीवरची तपकीर झटकली.

"म्हणजे आपण घोटण्यात कमी पडलो," मास्तरांनी निकाल दिला. "आता रोज यायचं. आणि एप्रिलात पेटीवर मी बसणार. गुडघा गेला खड्ड्यात."

तर आम्ही घोटायला लागलो. नेमलेला प्रवेश राणी चारुमतीचा होता. ती फुलांची माळ ओवत बसलेली असते, आणि दासी येऊन सांगते की महाराज दुसरी राणी घेऊन परत येताहेत, वेशीपर्यंत आलेत. मग पद, मग संवाद, मग स्वगत. मास्तरांनी प्रत्येक वाक्याला उभं राहणं ठरवून दिलं होतं. डावा हात पदराचं टोक धरून गळ्याशी. उजव्या हाताची बोटं मिटलेली. प्रेक्षकांकडे कधीही सरळ छाती करायची नाही, नेहमी एक खांदा पुढे. पावलं इवली इवली. मास्तर हे स्वतः करून दाखवायचे तेव्हा धोतरातला तो उंच म्हातारा दिसेनासा व्हायचा. खरंच व्हायचा. मी केलं की मात्र काहीतरी उसनं आणल्यासारखं दिसायचं.

घरी आरशासमोर पदर गळ्याशी धरून सराव करत होते तर आई डोकावली. "घसा धरलाय का गं?" म्हणाली. "हळद घालून दूध देऊ?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आपण एप्रिलातही नापास होणार, मास्तर पेटीवर असतानाच नापास होणार, हे मला लख्ख कळलं.

मास्तरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. मास्तर त्यांना 'अगं' म्हणायचे. 'अगं, चहा,' 'अगं, पाणी दे पोरींना.' फेब्रुवारीतली गोष्ट, मी क्लासला लवकर पोचले होते आणि काकू गच्चीवर शेवया वाळत घालत होत्या. मीही हाताखाली बसले.

"काकू, पदर असा गळ्याशी का धरायचा असतो?"

"कोण म्हणतंय धरायचा असतो?"

"मास्तर."

काकू हसल्या. "अगं, त्यांना धरावा लागायचा. गळ्यावरची घाटी बघितली नाहीस होय त्यांची? सुपारी अडकल्यागत वर आलीय. आमचं लग्न नवीन होतं. लुगडं मीच नेसवून दिलेलं. पहिल्याच नाटकात मागनं कोण तरी ओरडला, 'बाईसाहेब, घाटी झाका!' सगळं थेटर हसलं. हे आत आले ते रडतच. तेव्हापासून पदर गळ्याशी."

"आणि तिरकं उभं राहायचं ते?"

"लहानपणी कुस्तीच्या तालमीत जात होते की. खांदे बघ. समोरून उभे राहिले की पैलवानानं लुगडं नेसल्यागत दिसायचं."

"बोटं मिटून?"

"तो काय पंजा आहे? फावडं आहे ते."

मला कारखानीस बाईंचा प्रश्न आठवला, तुला झाकायचंय तरी काय? मी एवढे महिने जिवापाड घोटत होते ते एका पुरुषाचं पुरुष असणं लपवणं होतं. माझ्याजवळ लपवायला त्यातलं काहीच नव्हतं.

"मग काकू, मला कशाला हे सगळं?"

"तुला कशाला," काकू म्हणाल्या. हातातल्या शेवया त्यांनी नीट पसरल्या. "पण त्यांना आता ते झाकणं वाटत नाही गं. कला वाटते. आणि खोटं कशाला बोलू, कला होतीच ती. बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी? मला नाटकातलं काय कळतंय, असं म्हणतात ते. मी आपली चहा ठेवायला जाते त्या खोलीत. तुझी नोकरी जातीय, तू सांग."

सांगणं सोपं नव्हतं. सांगलीला दुसरे एक गुरुजी होते, त्यांच्याकडे गुपचूप जावं असंही मनात आलं. पण परीक्षेला पेटीवर मास्तर बसणार होते. मी हात जरा खाली घेतला असता तर त्यांनी तिथल्या तिथे पेटी थांबवली असती. तालमीत थांबवायचेच. त्यांच्या पाठीमागे काही करायला वावच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते करायचंही नव्हतं. सुरांची अक्षरओळख मला त्या माणसानं करून दिली होती.

शेवटी एका तालमीत मी स्वगताला उभी राहिले आणि डावा हात खाली सोडला. पेटी थांबली.

"हात कुठं गेला?"

"खाली आहे, मास्तर."

"का?"

मी घरून मोठं गोड भाषण पाठ करून आले होते. त्यातला एक शब्द आठवेना.

"मला घाटी नाही, मास्तर," मी म्हणाले.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. हे मला कुणी सांगितलं असणार ते त्यांना कळलं. त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"आज पुरे," ते म्हणाले.

त्यानंतर क्लास बंद. मी जायची तर दार पुढे लोटलेलं. काकू बाहेर येऊन मानेनंच नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "जेवतात, झोपतात. बोलत नाहीत. माझ्याशी तर मुळीच नाही." मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता रागही आला. मी नापास व्हायचं आणि वर मीच अपराध्यासारखं तोंड लपवून फिरायचं, हा कुठला न्याय? पण राग टिकायचा नाही. एवढ्या वर्षांनी कुणीतरी परत त्यांना 'घाटी झाका' म्हणाल्यासारखंच झालं होतं, आणि ते मी केलं होतं.

मग एका संध्याकाळी इचलकरंजीच्या एस.टी.तून उतरले तर स्टँडवर मास्तर काठी घेऊन उभे.

"चल," एवढंच म्हणाले.

क्लासमध्ये गेल्यावर पेटीशी बसले. "म्हण स्वगत. तुला हवं तसं उभं राहून म्हण."

मी हात खाली सोडले, सरळ उभी राहिले आणि सुरुवात केली. दोन वाक्यांतच त्यांनी थांबवलं.

"प्रार्थनेला उभी आहेस का?"

बरोबर होतं त्यांचं. ते सगळं काढून टाकल्यावर माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. हात लोंबत होते, पाय जमिनीला खिळले होते.

"मग तुम्हीच सांगा, मास्तर. बाई कशी उभी राहते?"

मास्तरांनी तोंड उघडलं. उजवा हात सवयीनं वर गेला, तसाच खाली आला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

आयुष्यात त्यांच्या तोंडून हे वाक्य मी तेवढ्या एकदाच ऐकलं. थोडा वेळ ते पेटीच्या पट्ट्यांवरची धूळ बोटानं पुसत बसले. मग आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

काकू आल्या. भाकरी थापत होत्या, दोन्ही हातांना पीठ होतं.

"उभी राहा," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"नुसती उभी राहा."

"तव्यावर भाकरी आहे माझी."

"करपू दे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग त्या दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या. एका पायावर भार, दुसरा जरा सैल. कपाळावर आलेली बट त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूनं सारली, कारण बोटांना पीठ होतं. बास. आणखी काही केलं नाही.

मास्तरांनी पेटीवर प्रवेशाचे सुरुवातीचे सूर धरले. "समज," ते म्हणाले, "तुला सांगितलं की मी दुसरी बायको घेऊन येतोय. वेशीपर्यंत आलोय."

"ह्या गुडघ्यानं?" काकू हसल्या. मीही हसले.

मास्तर हसले नाहीत. सूर तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी पदराचा शेव घेतला आणि हाताचं पीठ पुसायला लागल्या. एकेक बोट. सावकाश. मास्तरांकडे त्यांनी बघितलंच नाही. कोनाड्यातल्या देवाच्या तसबिरीकडे बघत त्यांनी विचारलं,

"दोघं जेवून येणार, का इथं जेवणार?"

पेटीचा सूर थांबला होता, पण मास्तरांची बोटं पट्ट्यांवरच होती.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. म्हणाले मला, पण बघत होते काकूंकडे.

"झालं? जाऊ?" काकूंनी विचारलं. "करपली वाटतं."

पुढचे सगळे दिवस तालीम अशीच चालली. काकू दारात उभ्या राहायच्या, कधी लसूण सोलत, कधी नुसत्याच. मास्तर त्यांना विचारत सुटायचे. राग आला तर काय करतेस? "आलेलाच असतो की, नवा कुठला यायचा?" रडायला येत असेल आणि समोर माणसं असतील तर? "मग चुलीला फुंकर घालायची. धुरानं रडल्यागत होतं." हे ऐकता ऐकता मास्तर पेटी विसरायचे. मग मलाच म्हणावं लागायचं, मास्तर, सूर द्या. मी काकूंची नक्कल करत नव्हते. ती करायला गेले तेव्हा मास्तर ओरडले, "तिचं उचलू नकोस. एकदा उचलून फसलीस ना? तुझं काय ते बघ." मग हळूहळू माझे हात मला सापडले.

एप्रिलात मिरजेला तोच हॉल, त्याच कारखानीस बाई. मास्तर गुडघ्याला पट्टी बांधून पेटीवर बसले. मी माळ ओवायला लागले. दासीचे संवाद तिथल्या एका मुलीनं वाचले. महाराज वेशीपर्यंत आले हे कळलं तेव्हा मी हातातली सुई माळेत नीट खोचून ठेवली, हरवू नये म्हणून. हे कुणी बसवलं नव्हतं, तेव्हाच सुचलं. मग पद म्हटलं. स्वगताला सरळ समोर तोंड करून उभी राहिले, आणि आपण कशा उभ्या आहोत हे शेवटपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

संपल्यावर कारखानीस बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग माझ्याकडे न बघता पेटीकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, लहानपणी मी तुमचं काम पाहिलंय. घरी येऊन आरशासमोर तुमच्यासारखी उभी राहायचे. आम्ही सगळ्याच मुली राहायचो. पुढे स्वतः नाटकात आले तेव्हा ते मोडता मोडता माझी पुरेवाट झाली. म्हणून मागच्या वेळी हिला बघताक्षणी ओळखलं."

मास्तरांनी मान खाली घातली. लाजले होते की सुखावले होते, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"हिचं कुणी मोडलं? तुम्हीच?"

"मी नाही," मास्तर म्हणाले. पट्ट्यांवरचा उजवा हात त्यांनी उचलला आणि कानाच्या पाळीला लावला. गुरूचं नाव घेताना लावतात तसा. "कृष्णाबाई विष्णू हेरवाडकर."

मला क्षणभर कळेना, ह्या कोण. काकूंचं नाव कृष्णाबाई आहे हे मला त्या हॉलमध्ये कळलं.

"कुठल्या कंपनीत होत्या ह्या?" बाईंनी विचारलं.

"कुठल्याच नाही. घरात होत्या," मास्तर म्हणाले. "मी तिकडं बघितलं नव्हतं."

कारखानीस बाईंनी चष्मा परत लावला. मला म्हणाल्या, "निकाल यायचा तेव्हा येईल. पण शाळेत सांग, दुसरी मुलगी बघू नका म्हणून." निकाल मे महिन्यात आला, पहिला वर्ग मिळाला, आणि गेल्या वर्षी मी त्याच शाळेतून निवृत्त झाले.

त्या दिवशी आम्ही कुरुंदवाडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काकू दारातच होत्या. माझं तोंड बघून त्यांना काय ते कळलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि आत वळल्या. मास्तरांनी टोपी खुंटीला अडकवली, खुर्चीवर बसले आणि घसा खाकरला.

"कृष्णाबाई," ते म्हणाले.

काकूंनी दाराकडे वळून बघितलं, कुणी पाहुणी आली की काय म्हणून. दारात कुणीच नव्हतं. मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं.

"चहा टाकता का?" मास्तरांनी विचारलं.

"टाकते की," काकू म्हणाल्या. "पण साखर संपलीय. आणता का?"

"मी आणते," म्हणून मी उठले, तर काकूंनी माझं मनगट धरलं. "तू बस," म्हणाल्या. "जाऊ देत त्यांना."

मास्तर उठले, टोपी परत डोक्यावर घातली, पिशवी कुठे असते ते विचारून घेतलं आणि लंगडत दुकानाकडे गेले.